काळी पाचचा क्लॅरिओनेट की पांढरी सहाचा?

क्लॅरिओनेट शिकायला निघालेल्या मुलाचे पालक आधी किंमत विचारतात, मग लाकडी घ्यावा की प्लास्टिकचा हे विचारतात. हा क्लॅरिओनेट कुठल्या पट्टीचा आहे, हे मात्र फारसे कुणी विचारत नाही. पुढे मुलगा ऑर्केस्ट्रात बसतो किंवा एखाद्या गायकाच्या साथीला जातो, तेव्हा तोच प्रश्न समोर उभा राहतो. एकच जागा एका वाद्यावर सहज निघते आणि दुसऱ्यावर बोटे अडकतात, असे का होते आणि कोणत्या वेळी कोणते वाद्य हातात घ्यावे, याची माहिती आपल्या पेटीच्या भाषेत येथे दिली आहे.

पट्टी म्हणजे नेमके काय

पेटीवर सी म्हणजे पांढरी एक, सी शार्प म्हणजे काळी एक. त्याच हिशेबाने ई फ्लॅट ही काळी दोन, ए ही पांढरी सहा आणि बी फ्लॅट ही काळी पाच. क्लॅरिओनेटवादक कागदावर ‘सी’ वाचून सी ची बोटे धरतो, तेव्हा बाहेर जो सूर येतो ती त्या वाद्याची पट्टी. बी फ्लॅट क्लॅरिओनेटवर सी ची बोटे धरली की काळी पाच वाजते, म्हणजे लिहिल्यापेक्षा एक पूर्ण स्वर खाली. ए क्लॅरिओनेटवर पांढरी सहा वाजते, म्हणजे दीड स्वर खाली. ई फ्लॅटचा छोटा क्लॅरिओनेट उलट दीड स्वर वर वाजतो. सी क्लॅरिओनेटवर जे लिहिले तेच वाजते, पण ते वाद्य आज क्वचित दिसते. बोटे सगळ्यांवर सारखीच असल्याने वादकाला नवे काही शिकावे लागत नाही, फक्त वाद्य बदलावे लागते. स्वरलिपीचे भाषांतर रचनाकाराने आधीच कागदावर करून ठेवलेले असते.

जुन्या छापील प्रतींत एक घोटाळा होतो, तो आधीच सांगतो. जर्मन पद्धतीत नुसते ‘बी’ लिहिले तर त्याचा अर्थ बी फ्लॅट होतो; आपण ज्याला बी म्हणतो त्याला ते ‘एच’ म्हणतात. इटालियन प्रतीत ए ला ‘ला’ आणि बी फ्लॅटला ‘सी बेमोल’ लिहितात, आणि मध्येच ‘मुता’ हा शब्द आला की वाद्य बदलायचे.

एकाच वाद्यावर का भागत नाही

सनई पुढे रुंद होत जाते. क्लॅरिओनेटची नळी जवळजवळ सरळ, एकसारख्या व्यासाची आणि वरच्या टोकाला पत्तीने बंद असते. या फरकाचा परिणाम मोठा आहे. सनईत किंवा बासरीत फुंक जोराची केली की तोच सूर वरच्या सप्तकात मिळतो. क्लॅरिओनेटमध्ये मागची चावी दाबली की सूर सप्तकाच्याही पलीकडे, वरच्या पंचमावर उडी मारतो. त्यामुळे खालच्या भागात जी बोटे ‘सा’ ची, ती वरच्या भागात ‘प’ ची होतात, आणि मधली जागा भरून काढायला जास्तीची छिद्रे व चाव्या लागतात. १७०० च्या सुमारास न्युरेम्बर्गच्या योहान क्रिस्टोफ डेनर याने हे वाद्य घडवले असे मानतात. तेव्हा त्याला दोनच चाव्या होत्या. एवढ्याशा चाव्यांवर चार-पाच शार्प किंवा फ्लॅट असलेली जागा स्वच्छ वाजणे कठीण, म्हणून वेगवेगळ्या लांबीची वाद्ये करून वादकाला नेहमी सोप्या बोटांत ठेवायचे, हा मार्ग निघाला.

चाव्या वाढल्या तरी अडचण पूर्ण गेली नाही. दोन्ही करंगळ्यांवर चाव्यांचा भार असतो आणि शार्प वाढले की करंगळ्यांना चावीवरून चावीवर घसरावे लागते. शिवाय खालचा आणि वरचा भाग जिथे जुळतात तिथले ‘गळ्या’चे सूर, म्हणजे लिहिलेले ए आणि बी फ्लॅट, पोकळ आणि अशक्त येतात. नळीचा अगदी थोडा भाग तेव्हा वाजत असतो. त्यांच्या लगेच वरचा बी मात्र सगळी छिद्रे बंद करून वाजतो आणि भरदार येतो. ही दोन-तीन सुरांची हद्द कोणत्या पट्टीत कुठे पडते, हे वाद्य निवडताना शार्प-फ्लॅट मोजण्याइतकेच महत्त्वाचे आहे. पुस्तकांत याकडे हवे तितके लक्ष दिलेले नसते.

ऑर्केस्ट्रातील जागा

व्हायोलिनच्या तारा जी, डी, ए, ई या सुरांत लागतात, म्हणून तंतुवाद्यांच्या ऑर्केस्ट्राला शार्पच्या पट्ट्या मानवतात. क्लॅरिओनेटवर याचा हिशेब असा होतो. रचना ए मेजरमध्ये असेल तर ए क्लॅरिओनेटवाल्याच्या कागदावर सी मेजर येते, एकही शार्प नाही. बी फ्लॅटवाल्यासमोर बी मेजर, पाच शार्प. रचना ई मध्ये असेल तर ए वर एकच शार्प आणि बी फ्लॅटवर सहा. डी मध्ये असेल तर एकीकडे एक फ्लॅट, दुसरीकडे चार शार्प. उलट एफ, बी फ्लॅट, ई फ्लॅट या पट्ट्यांत बी फ्लॅट क्लॅरिओनेट सुखात असतो आणि ए वाला चार, पाच, सहा फ्लॅटमध्ये सापडतो. मधल्या सी आणि जी मेजरमध्ये फारसा फरक पडत नाही.

रिम्स्की-कोर्साकोव्हची ‘काप्रिचिओ एस्पान्योल’ (१८८७) या नियमाचे सुरेख उदाहरण आहे. तिचा पहिला भाग ए मेजरमध्ये आणि तिसरा भाग तीच धून अर्धा स्वर चढवून बी फ्लॅटमध्ये. पहिल्याला ए चे वाद्य घेतले आणि तिसऱ्याला बी फ्लॅटचे, की बोटे दोन्हीकडे सी मेजरचीच. मेंडेलसोनच्या ‘मिडसमर नाइट्स ड्रीम’मधला स्केर्त्सो जी मायनरमध्ये आहे. बी फ्लॅटवर तो ए मायनर होतो आणि त्याची झपाट्याची टिपणे जिभेला व बोटांना झेपतात. ए वर पाच फ्लॅटमध्ये तो वाजवायचा हट्ट कुणी करू नये. राखमानिनोव्हच्या दुसऱ्या सिम्फनीतला संथ भाग ए मेजरमध्ये. तिथला लांबलचक एकल ए क्लॅरिओनेटसाठीच लिहिला आहे.

मोझार्टने १७९१ मध्ये आन्टोन श्टाडलरसाठी लिहिलेला कॉन्चेर्टो ए चा आहे, ब्राम्सचा क्लॅरिओनेट क्विंटेट (१८९१) ए चा, चायकोव्हस्कीच्या ‘पाथेटिक’मधला जवळजवळ ऐकू न येणारा एकल ए चा. मुलांना माहीत असलेल्या प्रोकोफिएव्हच्या ‘पीटर अँड द वुल्फ’मधली मांजरसुद्धा ए क्लॅरिओनेटवरच चालते. गर्शविनच्या ‘ऱ्हॅप्सडी इन ब्लू’ची (१९२४) सुरुवातीची वर चढत जाणारी मींड बी फ्लॅटची.

आता नाजूक प्रश्न. ए चा आवाज गडद आणि बी फ्लॅटचा उजळ असे म्हणतात, ते खरे का? ए ची नळी चारेक सेंटिमीटर लांब असते, दोन्हींचा माउथपीस एकच असतो, फुंकणारा तोच. माझ्या मते पडद्याआडून ऐकणाऱ्या रसिकाला फरक सांगणे अवघड आहे, वाजवणाऱ्याला मात्र तो ओठांवर जाणवतो. स्ट्राविन्स्कीने १९१८ मध्ये एकट्या क्लॅरिओनेटसाठी तीन तुकडे लिहिले. तिथे दुसरे वाद्यच नाही, तरी पहिल्या दोहोंना शक्यतो ए आणि तिसऱ्याला बी फ्लॅट घ्यावा असे त्याने सांगितले. सोय एवढेच कारण असते तर ही सूचना लागली नसती. बेथोव्हेनने पाचव्या सिम्फनीच्या शेवटच्या भागात सी क्लॅरिओनेट मागितला, बर्लिओझने ‘सिम्फोनी फान्तास्तिक’च्या (१८३०) शेवटी प्रेयसीची धून विद्रूप करायला किंचाळणारा ई फ्लॅट घेतला. सी चे कागद आज बहुतेक वादक बी फ्लॅटवर मनातल्या मनात एक स्वर चढवून वाजवतात. बेथोव्हेनमध्ये त्यामुळे फार बिघडत नाही, असे मला वाटते. बर्लिओझच्या ई फ्लॅटला मात्र पर्याय नाही.

एक जागा अशी असते जिथे निवड उरतच नाही. दोन्ही वाद्यांचा सर्वांत खालचा लिहिलेला सूर ई. बी फ्लॅटवर तो ऐकू येतो पांढरी दोन, ए वर काळी एक. रचनाकाराने ती खर्जातली काळी एक मागितली असेल तर बी फ्लॅटकडे तो सूरच नाही. मग कागद कितीही सोपा असो, ए लागतो.

वाद्य बदलायलाही वेळ लागतो. माउथपीस काढून दुसऱ्या वाद्यावर चढवायचा, आणि दुसरे वाद्य इतका वेळ मांडीशेजारी थंड पडलेले. थंड क्लॅरिओनेट सुरात उतरलेला असतो. हवेच्या एका अंशामागे सूर अर्धस्वराच्या सुमारे तीन शतांश हलतो. अनुभवी वादक आधीच्या विश्रांतीच्या मात्रांत हळूच फुंक मारून दुसरे वाद्य गरम ठेवतो. विश्रांती चार-पाच मात्रांचीच असेल तर बदल टाळून एकाच वाद्यावर दोन्ही जागा वाजवणे शहाणपणाचे. घाईत बसवलेला माउथपीस हमखास चीं करतो.

बडोद्यात बी फ्लॅटच का रुळला

सयाजीराव महाराजांच्या काळात १८८६ मध्ये मौलाबक्ष यांच्या हाताखाली गायनशाळा सुरू झाली. सूरसागराच्या काठचे संगीत महाविद्यालय आणि आजची महाराजा सयाजीराव विद्यापीठाची परफॉर्मिंग आर्ट्स फॅकल्टी ही तिचीच पुढची रूपे. मौलाबक्षांनी स्वरलिपीची पुस्तके काढली, त्यांचे चिरंजीव अलाउद्दीन खाँ पठाण पाश्चात्त्य संगीत शिकून विलायतेहून आले, आणि पुढे राज्याच्या बँडचे फ्रेडिलिस संगीतखात्याच्या कारभारातही होते. कागदावरून वाजवणारे वादक आणि तोंडी तालमीचे गवई एकाच दरबारात, अशी स्थिती त्या काळात बडोद्याइतकी फार थोड्या ठिकाणी होती.

पण हा बँड होता, तंतुवाद्यांचा ऑर्केस्ट्रा नव्हे. बँडमध्ये व्हायोलिन नसतात. त्यांच्या जागी बी फ्लॅट क्लॅरिओनेटांची रांग बसते आणि सर्वांत वरच्या ओळीसाठी एखादा ई फ्लॅट. पितळी वाद्येही बी फ्लॅट आणि ई फ्लॅटचीच, म्हणून बँडसाठी ऑर्केस्ट्राची रचना उतरवताना ती बहुधा फ्लॅटच्या पट्टीत सरकवतात. मूळ ई मधले ई फ्लॅटमध्ये येते. ए क्लॅरिओनेटला इथे काम उरत नाही. संस्थानी आणि लष्करी बँडांतून हीच सवय लग्नाच्या बँडांत उतरली. मांडवीकडून घडियाळी पोळेत शिरणाऱ्या वरातीत जो क्लॅरिओनेट पुढे असतो तो काळी पाचचा, आणि मेरठच्या जली कोठीतले कारखाने या बँडांसाठी जी वाद्ये करतात त्यांतही चलन त्याचेच. पुण्यात प्रभात बँडच्या बंडोपंत सोलापूरकरांनी नाट्यपदे क्लॅरिओनेटवर लोकप्रिय केली तीही याच परंपरेत.

तंजावरची गोष्ट वेगळी. तिथल्या मराठा दरबारातून पाश्चात्त्य वाद्ये दक्षिणेच्या संगीतात शिरली, क्लॅरिओनेट सदिर नृत्याच्या साथीत बसला आणि पुढे ए. के. सी. नटराजन यांनी त्याला कर्नाटक मैफलीत स्वतंत्र स्थान दिले. १८८० मध्ये तंजावरची राजकन्या बडोद्याची राणी झाली, तेव्हा तिच्याबरोबर तिकडच्या नर्तकींचा ताफाही आला, हे आपल्याकडे बहुतेकांना ठाऊक असते.

गवयाच्या साथीला

बी फ्लॅट रुळला तो बँडमुळे, पण आपल्या गायनाच्या साथीलाही तो बऱ्यापैकी चालतो, याला गणिती कारण आहे. पुरुष गवयांची नेहमीची पट्टी काळी एक किंवा तिच्या आसपास. काळी एकला बी फ्लॅट क्लॅरिओनेटवर ‘सा’ येतो ई फ्लॅटवर. बिलावल थाट वाजवायचा तर तीन फ्लॅट लागतात, आणि ते पडतात सा, म आणि प यांवर. यमन घेतला की तीव्र मध्यमामुळे म चा फ्लॅट सुटतो, उरतात दोन. भूपात तर म आणि नि नाहीतच. म्हणजे संध्याकाळच्या मैफलीच्या सुरुवातीला बी फ्लॅटवाला आरामात असतो.

आता भैरवी घ्या. तीच काळी एक, तोच बी फ्लॅट, आणि रे, ग, ध, नि कोमल. कागदावर मांडले तर पाच शार्प होतात आणि दोन्ही करंगळ्या शेवटपर्यंत धावत राहतात. ए क्लॅरिओनेटवर काळी एकचा ‘सा’ येतो ई वर. ई मेजरला चार शार्प लागतात, आणि हे चार नेमके रे, ग, ध, नि यांवर पडतात. भैरवी तेच चार स्वर कोमल करते. चारही शार्प कटले: ई, एफ, जी, ए, बी, सी, डी. नव्या विद्यार्थ्याने पहिल्या महिन्यात शिकलेली सगळी साधी बोटे, आणि त्यांतून काळी एकची भैरवी निघते. पुन्हा यमनला ए घेतला तर पाच शार्प. थोडक्यात, काळी एकला शुद्ध आणि तीव्र स्वरांच्या रागांना बी फ्लॅट, कोमल स्वर वाढत गेले की ए. तोडीसुद्धा ए वर दोनच शार्पमध्ये बसते. बी फ्लॅटवर तिच्याकडे न गेलेले बरे.

गळ्याच्या सुरांचा मुद्दा इथे फार महत्त्वाचा ठरतो. काळी एकचा पंचम म्हणजे काळी चार. मधल्या सप्तकात बी फ्लॅट क्लॅरिओनेटवर तो लिहिलेल्या बी फ्लॅटवर पडतो, म्हणजे वाद्याच्या सर्वांत अशक्त सुरावर. गवई पंचमावर ठाण मांडतो तेव्हा साथीचा सूर पोकळ ऐकू येतो तो यामुळे. बिचाऱ्या वादकाच्या फुंकीचा दोष नसतो. उजव्या हाताच्या बाजूच्या चावीने तो सूर थोडा सुधारतो, संथ जागी ती वापरावी. ए वर तोच पंचम बी वर, भरलेल्या नळीत येतो. काळी चारच्या गायिकेबरोबर तर बी फ्लॅटवाल्याला तार षड्जच त्या पोकळ जागी मिळतो. कागदावर दोनच फ्लॅट असले तरी फसू नये.

मींडही याच हद्दीवर अडते. उघड्या छिद्रांवरून बोट हळू सरकवून खालच्या भागात किंवा वरच्या भागात सुरेख मींड निघते, पण गळ्याच्या सुरावरून पूर्ण बंद नळीवर जाताना एकदम आठ-नऊ बोटे पडतात आणि सूर तुटतो. ए वर काळी एकला ही हद्द म आणि प यांच्यामध्ये येते, बी फ्लॅटवर प आणि ध यांच्यामध्ये. ज्या रागात प-ध ची मींड जिवाची, तिथे ए ला झुकते माप द्यावे. शिवाय खर्जातला षड्ज, खुद्द पुरुष गवयाचा मधला सा, फक्त ए वरच मिळतो.

घेताना

पहिले वाद्य एकच घ्यायचे असेल तर बी फ्लॅट, यात मला शंका वाटत नाही. शिकवणारे, सुटे भाग, पत्त्या, स्वरलिपीची पुस्तके, सगळे त्याचेच मिळते. ऑर्केस्ट्रात बसायचे ठरले, मोझार्ट किंवा ब्राम्सपर्यंत मजल गेली, की दुसरे वाद्य ए घ्यावे, आणि शक्यतो पहिल्याच्याच बनावटीचे, म्हणजे चाव्यांचा हाताला सवयीचा ताण बदलत नाही. साथ हाच ज्यांचा मुख्य उद्योग आहे त्यांनीही ए चा विचार जरूर करावा. आपल्याकडे तो फार कमी होतो. सी आणि ई फ्लॅट ही हौसेने घेण्याची वाद्ये नव्हेत.

आणि जुनी वाद्ये. माळ्यावरच्या ट्रंकेत आजोबांचा क्लॅरिओनेट सापडतो, तो आधी नीट पाहावा. नळीवर पट्टीचे अक्षर कोरलेले असते. त्याच्या आसपास ‘एच पी’ ही दोन अक्षरे असतील तर ते वाद्य जुन्या चढ्या सुराचे, हाय पिचचे आहे. ब्रिटिश लष्करी बँड १९२० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत ए ४५२ च्या आसपास लावत, आजचा ए ४४० चा आहे. फरक अर्धस्वराच्या जवळजवळ निम्मा. बॅरल ओढून वरचे काही सूर खाली आणता येतात, पण मग खालचे आणि वरचे आपापसांत जुळत नाहीत. अशा वाद्यावर मुलाला शिकायला बसवू नये, त्याचा कान बिघडतो. अक्षरे पुसली गेली असतील तर वाद्य पाच मिनिटे फुंकून गरम करावे, सी ची बोटे धरावी आणि सूर मोबाइलवरच्या ट्यूनरला लावून पाहावा. काळी पाच आणि पांढरी सात यांच्या मध्ये कुठे तरी काटा थांबला तर वाद्य चढ्या सुराचे. घरच्या पेटीवर ही परीक्षा घेऊ नये, कारण आजोबांच्याच काळातली पेटी असेल तर तिचे सूरही आजच्या ४४० ला जुळतीलच असे नाही.